जुन्या सडकेचे धुरीमामा

भिकाजी धुरी हा माणूस डांबर सोडत नसे. शब्दशः सांगते आहे. वाळवंटात गाडी थांबली की आम्ही सगळे पाय मोकळे करायला वाळूत उतरायचो आणि मामा रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, चपलांची टोकं बरोबर काळ्या रेघेच्या आत. चहा प्यायला खाली बसायचे तेही डांबरावर, ढुंगण भाजलं तरी चालेल. लघवीला जायचं झालं तर काय करायचे ते मी विचारलेलं नाही, पण आमच्या सर्व्हेच्या पोरांनी त्यावर जे जे विनोद केले ते मला सगळे ऐकू आले आहेत.

मी नाशिकची. कुवेत सिटीत मिरकाबला आमच्या कंपनीचं ऑफिस आहे, रस्त्यांच्या कामाचं. मी तिथे नकाशे करते. तशी मी तापट. दुपारी तीननंतर माझ्या टेबलाशी कुणी फिरकत नाही. धुरीमामा मात्र यायचे, तेही न विचारता, आणि माझ्या नकाशावर बोट ठेवून म्हणायचे, "मॅडम, हे वळण चुकलंय."

आणि ते चुकलेलं असायचं. मला राग यायचा तो त्याचाच.

मामा देवगडकडचे. विशीत इथे आले ते डांबराच्या पिंपाखाली जाळ करायला. तेव्हा आजचा मोटरवे नव्हता. जहराच्या पुढे टेकडी चढून उत्तरेला सरहद्दीपर्यंत जी जाते ती एकच सडक होती, दोन ट्रक समोरासमोर आले की एकाचं चाक वाळूत जाईल एवढी. त्या सडकेवर मामा आधी मजूर, मग रोलरवर, मग मुकादम झाले. मोटरवे आला, सरळ रेघ मारल्यासारखा, आणि जुनी सडक बाजूला पडली. कुठे ती मोटरवेच्या खाली गेली, कुठे शंभर पावलांवर एकटीच पडून राहिली, कुठे वाळूने गिळली. नकाशातून तर कधीच गेली होती. ती सगळी शिल्लक होती मामांच्या डोक्यात. म्हणून पासष्टी ओलांडली तरी कंपनी दर वर्षी खटपट करून त्यांचा इकामा वाढवून घेत असे. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो संपला की माणूस संपला, निदान या देशापुरता.

सडकेचा विषय काढला की मामांना थांबवणं कठीण. त्यांच्याही आधी, त्यांच्या मुकादमाने सांगितलेलं, की पहिला रस्ता म्हणजे नुसती वाळू दाबून तिच्यावर कच्चं तेल शिंपडायचे. इथे तेल फुकट, खडी महाग. उन्हाळ्यात तो रस्ता पातळ व्हायचा आणि चाकांबरोबर निघून यायचा. मग खरं डांबर आलं. त्यावरून बसऱ्याचा खजूर यायचा, टोमॅटो यायचे, तुर्कस्तानाकडून मोठे ट्रक यायचे आणि त्यांचे ड्रायव्हर टेकडीच्या पायथ्याशी एका पठाणाच्या टपरीवर दोन-दोन दिवस झोपून काढायचे. "आमच्या फोंडा घाटातल्या चहावाल्यासारखा होता तो," मामा सांगायचे. "फक्त घाट नव्हता, झाड नव्हतं, पाणी नव्हतं."

"मग फोंड्यासारखं काय होतं?" मी विचारायचे.

"चहा."

माझ्याशी ते जमेल तेवढं शुद्ध बोलायचे. मनातलं काही बाहेर पडायचं झालं की मालवणी यायची आणि मग मी 'मॅडम'ची 'बाय' व्हायची.

नवं काम सुरू करताना मामा गाऱ्हाणं घालत. कोकणातला माणूस जमिनीत पहार घालण्याआधी त्या जागेच्या राखणदाराला हाक मारतो, नारळ ठेवतो, तुझी लेकरं आहेत, सांभाळून घे म्हणतो. इथे वाळवंटातही मामांनी ते सोडलं नव्हतं. डांबराच्या कडेला नारळ, अगरबत्ती, आणि मोठ्या आवाजात "बा देवा म्हाराजा." मागे उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत. सगळे म्हणजे कोण, तर दोन मलबारी, सहा-सात बिहारी आणि आमचा इजिप्शियन फोरमन, जो हे का म्हणायचं ते विचारत नसे पण सगळ्यांत जोरात म्हणे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. मामांचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी राहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि महिना जानेवारीचा होता.

एका हिवाळ्यात आम्ही मराठी घरं मिळून सहलीला गेलो होतो. नवरा अहमदीला तेलकंपनीत, त्याचे तिथले मित्र, आमचा पोरगा, डबे, चटया. थंडीत इथे सगळा देशच तंबू घेऊन वाळवंटात जातो. मामांना मीच आग्रह करून नेलं होतं. पोरं चेंडू खेळत होती. चेंडू जुन्या सडकेपलीकडे वाळूत गेला आणि माझा मुलगा त्याच्यामागे धावला.

मामा ओरडले. एवढ्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पोरगा जागीच थिजला.

"हलू नको. मागे बघ. तुझे पाय उमटलेत ना, त्यांच्यावरच पाय ठेवून परत ये. घाई नको करू."

पोरगा आला, एकेक पाऊल टाकत. येऊन मला म्हणाला, "मम्मा, ही इज मॅड." मला तेव्हा तेच वाटलं. भर लोकांत मी मामांना बोलले, की मुलांना असं घाबरवतात का, तिकडे तर लोकांचे तंबू दिसताहेत. चेंडू तिथेच राहिला. घरी येताना गाडीत मी अर्धा तास तणतणत होते आणि मामा मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते.

त्यानंतर वर्षभराने ते काम आलं. जुन्या सडकेला लागून केबलसाठी लांबच लांब चर खणायचा, टेकडीपासून सरहद्दीपर्यंत. नकाशे माझ्याकडे. रविवारी मशीन लावायचं ठरलं, त्याच्या आधीच्या सोमवारी मामा टेबलाशी आले.

"मॅडम, हा चर तिथून नको."

"का?"

"जमीन नरम आहे. मशीन रुतेल."

मी मातीचे अहवाल काढले. जमीन दगडासारखी होती. दुसऱ्या दिवशी परत आले. आता म्हणे तिथे जुनी पाण्याची लाइन आहे. पाण्याची लाइन नव्हती. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वारा फार असतो. मी पेन टेबलावर आपटलं. म्हटलं, "मामा, मी काय दुधखुळी आहे? खरं सांगा नाहीतर माझा वेळ खाऊ नका."

ते म्हणाले, "खरं इथे नाय सांगता येणार. तिथे चला."

गेलो. टेकडी मागे टाकून बरंच पुढे मामांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, जुन्या डांबरावर उभे राहिले आणि डावीकडे बोट केलं. तिथे काहीही नव्हतं. वाळू, खुरटं झुडूप, एक फाटकी प्लास्टिकची पिशवी.

"इथे शांताराम गेला."

शांताराम त्यांच्या शेजारच्या वाडीतला. त्याला मामांनीच इथे आणलं होतं. नव्वद साली इथे लढाई झाली तेव्हा दोघे जॉर्डनमार्गे हाल सोसत गावी गेले आणि ती संपल्यावर परत आले, सडक दुरुस्त करायला. सडकेच्या दोन्ही बाजूंना तेव्हा जळक्या गाड्या होत्या आणि वाळूत सुरुंग पेरलेले होते. सुरुंग काढणारी पथकं पुढे पुढे जात. सगळं लगेच काढून होत नसे. जिथे राहिलं असेल तिथे ते कडेला दगड ठेवून जात, एका अंगाने लाल रंगवलेला, दुसऱ्या अंगाने पांढरा. लाल अंग ज्या बाजूला, तिकडे जायचं नाही. हे मजुरांना सांगणारा माणूस यायचा होता. तो तीन आठवडे उशिरा आला.

"माका काय ठावक गे बाय," मामा म्हणाले. शुद्ध बोलणं संपलं होतं. "लाल दगड. माका वाटला शेंदूर. एवढी माणसा मेली हय, आपल्याच कोणीतरी राखणदार बसवलेलो आसात. उन्हात, वाळवेत, दिवो नाय, फूल नाय. माका बघवला नाय."

त्यांनी तो दगड उचलला, डोक्याला लावला आणि कॅम्पवर नेऊन बसवला. पूजा केली, नारळ दिला. चार दिवसांनी वाऱ्याने ताडपत्री उडाली आणि ती आणायला शांताराम त्याच जागी डांबरावरून खाली उतरला.

मी काहीतरी म्हणाले, की तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची चूक कशी. ते ऐकतच नव्हते. शांतारामची शवपेटी घेऊन गावी तेच गेले होते. नशीब म्हणून सगळ्यांनी मानलं. शांतारामच्या बायकोनेही. तिचं घर मामांनीच उभं केलं, पोरांची शिक्षणं केली. दगडाचं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर आधी तुरुंगाची भीती, आणि मग वर्षं गेली तशी दुसरी भीती, की त्या घराचा उंबरा बंद होईल.

"पण मामा, माणूस गेल्यावर ती जागा साफ केली असेल ना त्यांनी?"

"केली. दुसऱ्याच दिवशी."

"मग आता चर खणायला भ्यायचं कशाला?"

ते गाडीत जाऊन बसले. मला शंका आली होती, पण मी ती बाजूला सारली. माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याला समजत नाही, आणि मी काही वेगळी नाही.

शुक्रवारी दुपारी मी जहराला कंपनीच्या यार्डात गेले, मामा तिथेच राहायचे. निमित्त होतं जुन्या नकाशाचं, मामांच्या खोलीत एक जीर्ण प्रत होती असं ते म्हणत. यार्डात सुटीची शांतता. मामांच्या पत्र्याच्या खोलीच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, त्यांनी देव मांडला होता. मी त्याबद्दल कधी ऐकलं नव्हतं, पण तिथल्या सगळ्या पोरांना तो माहीत होता. येता-जाता हात जोडायचे. सिमेंटची छोटी घडवंची, वर पत्रा, अगरबत्तीची राख, ताज्या शेंदराचा वास.

घडवंचीवर पाच दगड होते.

मी मोजले. परत मोजले. मामा दारात उभे होते.

"मामा, हे सगळे तिथलेच?"

"व्हय."

"पाच?"

"पंचायतन करूक व्हया होता."

मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. सुटीत तिथे मुलं खेळतात. माझा मुलगा खेळला होता. तीस वर्षं हा माणूस रोज सकाळी या दगडांना पाणी घालत होता आणि चार जागा तिकडे उघड्या पडल्या होत्या. आणि त्याच वेळी मला त्यांची इतकी दया आली की मी तिथेच उलट्या बादलीवर बसले.

मग मी जुना नकाशा जमिनीवर पसरला. म्हटलं, "बाकीचे चार कुठून उचलले, दाखवा."

मामा उकिडवे बसले. त्यांनी बोट टेकडीवर ठेवलं. मी पेन उघडून वाट पाहत होते. बोट तसंच कागदाला टेकलेलं, सडकेवरून पुढे पुढे निघालं, आणि सरहद्दीपाशी जाऊन थांबलं.

"ह्यातसून," ते म्हणाले. "त्याच चार दिसांत, ट्रकातून जाता जाता दिसलो की उतरान घेतलंय. दोन डावीकडचे, दोन उजवीकडचे."

परवा रविवार होता. सकाळी सहाला मशीन लागणार होतं, बावीस माणसं त्याच्या मागे चालणार होती.

मी तिथूनच मुदीरला, म्हणजे आमच्या मॅनेजरला, फोन केला. तो चांगला माणूस आहे, पण त्याच्याकडे सगळा पट्टा साफ असल्याचा कागद होता, सह्याशिक्क्यानिशी. तो म्हणाला, कोण सांगतंय? मी म्हटलं, एक जुना कामगार. तो म्हणाला, नाव नसलेल्या कामगाराच्या आठवणीवर मी काम थांबवू? त्याने लिहून द्यावं, सही करावी, काहीतरी पुरावा द्यावा. मग बघतो.

मामांना हिंदी, अरबी सगळं समजत होतं. फोन ठेवला तेव्हा ते उठले होते.

"लिवून दिलं की गावात कळणार," ते म्हणाले.

"कळणार." मी खोटं बोलले नाही. आमच्या कंपनीत त्यांच्या तालुक्याची अकरा माणसं होती.

ते टाकीच्या नळाकडे गेले. मग चपला काढल्या, हातपाय धुतले, डोक्यावर टॉवेल घेतला आणि घडवंचीसमोर उभे राहून गाऱ्हाणं घातलं. एरवीसारखं मोठ्याने नाही. मला जवळ उभं राहून जेमतेम ऐकू येत होतं.

"बा देवा म्हाराजा, आज तुका ह्या जाग्यावरसून हलवतंय. तू थय राखणेक बसलेलस, ता माका कळूक नाय. चूक तुझी नाय, माझी आसा. काय शासन करूचा ता माका कर, त्या पोरांका नको."

मागे "व्हय म्हाराजा" म्हणायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हटलं. नाशिकच्या माणसाला ते जमतं असं नाही.

त्यांनी पहिला दगड हलवला. शेंदराची इतकी पुटं बसली होती की तो सिमेंटला चिकटला होता. पहारीने उचकटावा लागला. घासलेटने पुसल्यावर खालच्या अंगाचा पांढरा रंग निघाला, जसाच्या तसा. तो दगड आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून मॅनेजरच्या घरी घेऊन गेलो आणि त्याच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टेबलावर ठेवला. मामांनी मराठीत लिहून सही केली. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. मी खाली इंग्रजीत उतरवलं. मॅनेजरने दगड हातात घेऊन फिरवला आणि त्याच खुर्चीवर बसून चार फोन केले.

रविवारी मशीन लागलं नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे मामा सुरुंग शोधणाऱ्या पथकाच्या गाडीतून रोज सकाळी उत्तरेला जात. आधी चौकशी झाली, जबाब झाले. त्यांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. एवढ्या जुन्या चुकीचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसावं. त्यांना एक जागा आठवली, बासष्टाव्या किलोमीटरच्या दगडापाशीची. पथकाने आजच्या बासष्टाव्या किलोमीटरला जाऊन दोन दिवस चाळण केली, काही नाही. मामा म्हणत राहिले, इथे नाही, इथून टेकडी अशी दिसत नव्हती. शेवटी माझं डोकं चाललं. आजचे किलोमीटरचे दगड मोटरवेच्या सुरुवातीपासून मोजतात. जुनी सडक शहराच्या जहरा गेटपासून मोजली जायची, आणि मधली तिची वळणं मोटरवेने कापून टाकली होती. मी जुना नकाशा नव्यावर ठेवून मोजलं. तिथे पथक गेलं आणि कमरेइतक्या वाळूखाली सुरुंग सापडले. दोन होते, शेजारी शेजारी. वरून तंबूच्या खुंट्या ठोकल्याच्या खुणा होत्या.

दुसरी जागा पठाणाच्या टपरीच्या मागे निघाली. उरलेल्या दोन मामांना आठवल्या नाहीत. रोज संध्याकाळी ते यायचे आणि माझ्या दाराशी उभे राहून नुसती मान हलवायचे. वजन उतरलं होतं. यार्डातली पोरं त्यांच्याशी नीट वागत, पण जेवायला त्यांच्या बाजूला कोणी बसत नसे. गावाला बातमी गेली की नाही ते त्यांनी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. घरून येणारे फोन मात्र थांबले होते.

इकामा त्या वर्षी वाढला नाही. तो पट्टा आजही बंद आहे, पिवळी फीत लावून. काम दुसऱ्या वाटेने गेलं.

विमानतळावर मी एकटीच गेले होते पोचवायला. ऑक्टोबर संपत आला होता. मामांकडे एक बॅग आणि एक ब्लँकेट, बस. मी त्यांना म्हटलं, की निदान बावीस माणसं वाचली, ते लक्षात ठेवा. त्यांनी मान हलवली, लहान मुलाची समजूत आपण काढतो तशी.

रांगेत शिरायच्या आधी ते थांबले.

"मी काय सांगू तिका?" त्यांनी विचारलं.

कोणाला ते विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, शांतारामच्या बायकोला कळलंच असेल आतापर्यंत.

"कळला आसात. पण माझ्या तोंडान सांगूक व्हया." त्यांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पुढच्या आठवड्यात दिवाळी. सुटी गावली त्या दर वर्षी ती माका भाऊबीजेक ओवाळता."

मागची माणसं पुढे सरकायला लागली होती. मामांनी पासपोर्ट काढला, उघडून हातात धरला आणि ते आत गेले.